अभयारण्याबाहेरची जमीन आणि पाखरे

बेळगाव जिल्ह्यात पक्ष्यांचा विषय निघाला की बोलणे हमखास दोन ठिकाणांपाशी जाऊन थांबते. एक खानापूर तालुक्यातले भीमगड अभयारण्य आणि दुसरे गोकाक तालुक्यात धुपदाळ बंधाऱ्याच्या फुगवट्यावर पसरलेले घटप्रभा पक्षी अभयारण्य. घटप्रभेला १९७४ साली संरक्षण मिळाले, भीमगडाला २०११ साली. दोन्हींचे क्षेत्र मिळून सुमारे २२० चौरस किलोमीटर भरते आणि जिल्ह्याचे क्षेत्र आहे १३,४१५ चौरस किलोमीटर. पावणेदोन टक्क्यांहूनही कमी जमीन आपण अशी राखून ठेवली आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्के जमिनीचे काय करायचे ते ठरवताना पाखरांचा विचार करण्याचे कारण नाही, असे गृहीत धरून चाललो. हे गृहीतच चुकीचे आहे, असे मला वाटते. या जिल्ह्यातल्या पक्ष्यांचे, आणि त्यांच्याबरोबर आपल्या अन्नपाण्याचे व आरोग्याचे, पुढे काय होणार हे अभयारण्याबाहेरच्या शिवारात, माळावर, नाल्याकाठी आणि रस्त्याकडेच्या झाडांपाशी ठरत आहे. आणि त्या जमिनीचा वापर बदलताना तिच्यावर आज काय जगते आहे याची साधी नोंदही कोणी मागत नाही.

कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख आणि महाराष्ट्राचा हरियाल. सीमाभागात हे दोन्ही पक्षी एकाच गावाच्या शिवेत भेटू शकतात. नीलपंखाला उघडी जमीन लागते. बाभळीच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर तो तासन्‌तास बसून असतो, खाली नाकतोडा, भुंगा किंवा एखादा सरडा हलला की झेप घालतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. अंडी घालायला त्याला जुन्या झाडाची ढोली हवी असते. हरियाल जमिनीवर फारसा उतरतच नाही. वड, पिंपळ आणि उंबर यांच्या फळांवर त्याचे पोट चालते. एकाला माळ, बांध आणि ढोलीचे झाड पुरते, दुसऱ्याला गावाबाहेरचा वड पुरतो. या गोष्टी राखायला फाटक, पहारा आणि प्रवेशशुल्क लागत नाही. त्या गावाच्या रोजच्या व्यवहारात आपोआप टिकत आल्या होत्या. रस्ता रुंद करताना पहिला बळी जातो तो वडाचा, ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून पहिला सपाट होतो तो बांध आणि प्रकल्पाला जमीन हवी असली की पहिले बोट जाते ते माळाकडे.

देशभरातल्या ३० हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून २०२३ साली भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल सांगता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींची संख्या घटलेली आढळली. १७८ जातींना तातडीच्या संवर्धनाच्या यादीत घालावे लागले. जागतिक पातळीवरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीसाठी ज्यांचा फेरविचार व्हावा अशी शिफारस त्या अहवालाने केली, त्यांत नीलपंखाचे नाव आहे. कालपरवापर्यंत जो पक्षी शिवारात सर्रास दिसत असे आणि म्हणून ज्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे, त्याच्याविषयी आज ही शिफारस करावी लागते.

यावर गावात एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो: मोर तर इतके वाढले आहेत की पेरलेले राहत नाही, मग पाखरे कमी झाली म्हणता ती कुठे? मोर वाढले हे खरेच आहे. तोच अहवालही ते सांगतो. पण मोर, कावळा, पारवा हे कशाशीही जुळवून घेणारे पक्षी आहेत. मिळेल ते खातात, मिळेल तिथे राहतात. घट झाली आहे ती एका विशिष्ट प्रकारच्या जमिनीवाचून ज्यांचे चालत नाही अशा पक्ष्यांत, आणि त्यातही गवताळ व उघड्या माळावरच्या पक्ष्यांत ती अधिक आहे. चार जातींची गर्दी आणि चाळीस जातींचा वावर यांतला फरक लांबून कळत नाही, शेताच्या बांधावर उभे राहिल्यावर कळतो.

बेळगावच्या जमिनीचे वैशिष्ट्य असे की एकाच जिल्ह्यात तिची रूपे फार झपाट्याने पालटतात. पश्चिमेला कणकुंबीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेला अथणीत तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीचे दाट रान, जांभ्या दगडाचे सडे, भाताची खाचरे, ज्वारीची काळी रेगड, कृष्णाकाठचा मळा आणि सौंदत्तीकडचा माळ अशी ही उतरंड आहे. पक्ष्यांच्या इतक्या तऱ्हा इथे नांदल्या त्या या विविधतेमुळे. ऊस, वसाहत आणि रस्ता ही तिन्ही माणसांना लागतातच. पण ती जिथे जातात तिथली जमीन एकसारखी करतात, आणि उतरंड सपाट झाली की तिच्या पायऱ्यांवर राहणाऱ्यांना जागा उरत नाही.

बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांत पसरलेली भातशेती याचे सर्वांत जवळचे उदाहरण आहे. बेळगावच्या बासमतीचे नाव या मातीने मिळवले. खरिपात भात आणि भाताच्या ओलीवर पुढे मसूर, वाटाणा, हरभरा असे पीक ही जमीन देते. पावसाळ्यात चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागे गायबगळ्यांची रांग लागते, खाचरात पाणी साठले की बेडूक आणि बांधाच्या बिळांतले खेकडे टिपायला बगळे आणि शराटी उतरतात. शेतकऱ्याला या पाखरांसाठी वेगळे काही करावे लागत नाही. तो भात लावतो, त्यातच त्यांची सोय होते, आणि ती जे किडे व उंदीर खातात त्यात त्याची सोय होते.

या शिवारातल्या सुगरणीचे काम जवळून पाहण्यासारखे असते. घरटे विणतो तो नर. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, सुटलेले टोक चोचीत घट्ट धरतो आणि तसाच उडतो. पाते चिरत जाते आणि वीत-दीड वीत लांबीचा हिरवा धागा त्याच्या चोचीत येतो. असे शेकडो धागे आणून तो विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला विणकाम सुरू करतो. घरटे अर्धे झाले, उलट्या टोपीसारखे दिसू लागले, की मादी येऊन ते पाहते. तिने पसंत केले तर पुढचे काम होते, नाहीतर ते तसेच लटकत राहते. त्या टोपीच्या आतल्या बाजूला नर ओल्या चिखलाचे गोळे आणून चिकटवतो. मोठी झालेली सुगरण धान्य टिपते, पण तिच्या पिलांना किडे लागतात, म्हणून पिले असतात त्या दिवसांत ही जोडपी भातावरच्या अळ्या आणि नाकतोडे सतत वेचत असतात. एका घरट्यासाठी भाताचे पाते, ओला चिखल, पाण्यावर झुकलेले काटेरी झाड आणि विष न फवारलेले किडे अशा चार गोष्टी हाकेच्या अंतरावर असाव्या लागतात. शेताचे प्लॉट पडले की विहीर बुजते, बाभूळ तुटते आणि चिखलाच्या जागी मुरूम येतो. चारही गोष्टी एकाच दिवशी जातात, आणि त्या दिवशी कोणत्याही सरकारी कागदावर सुगरणीचा उल्लेख नसतो.

याच शिवारातून बळ्ळारी नाला वाहतो. पूर्वी जोराच्या पावसात नाला फुगला की पाणी आजूबाजूच्या खाचरांत पसरायचे, थांबायचे, जिरायचे आणि हळूहळू ओसरायचे. आज नाल्याकाठी भराव पडले आहेत, पात्रात गाळ आणि जलपर्णी साचली आहे आणि शहराचे सांडपाणी त्यातच येते. परिणामी पाणी पसरायचे तिथे पसरत नाही. ज्यांनी शेत राखले त्यांच्या भातात ते दिवसेंदिवस तुंबून राहते आणि रोपे कुजतात, आणि सखल भागातल्या घरांतही ते शिरते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराने शहराला हे दाखवून दिले. पूरग्रस्तांना मदत वाटली गेली, नाला साफ करण्याच्या मागण्या झाल्या, पण पाणी सामावून घेणारी खाचरे कोणी आणि कोणत्या परवानगीने बुजवली हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. बगळ्याला लागणारे उथळ पाणी आणि शहराला पुरापासून वाचवणारी मोकळी जागा या एकाच जमिनीच्या दोन बाजू आहेत. हलगा-मच्छे बायपाससाठी ही सुपीक जमीन देण्यास इथल्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षे विरोध केला, न्यायालयातही दाद मागितली. त्या लढ्याकडे नुकसानभरपाईच्या रकमेपुरते पाहिले गेले, याचे मला फार वाईट वाटते. ती जमीन वाचवण्यात शेतकऱ्याइतकेच शहरवासीयांचेही हित होते, आणि शहर मात्र बहुतांशी गप्प राहिले.

शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ खाली जिल्हाधिकारी देतात. उतारा कोणाच्या नावावर आहे, आराखड्यात काय लिहिले आहे, शुल्क भरले की नाही, हे त्यात तपासले जाते. ही जमीन पावसाळ्यात किती पाणी धरते, तिच्यात कोणती पिके आलटून पालटून येतात, तिच्या आधाराने किती जनावरे आणि कोणती पाखरे जगतात, हे विचारणारा रकाना त्यात नाही. २०२० साली कर्नाटक सरकारने जमीन सुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमे काढून टाकली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेण्यास अडसर होता तो या कलमांचा. तो गेल्यावर शहरालगतच्या शेताकडे पीक देणारी जमीन म्हणून पाहणारा गिऱ्हाईक मागे पडला आणि भाव वाढण्याची वाट पाहणारा पुढे आला. शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा यात गैर काहीच नाही. पण विकत घेऊन कुंपण घालून ठेवलेली, ना पेरलेली ना चरायला मोकळी असलेली जमीन गावाच्याही उपयोगाची राहत नाही आणि पाखरांच्याही.

माळाची गोष्ट याहून वाईट आहे, कारण माळाच्या बाजूने बोलणारे कोणीच नाही. उन्हाळ्यात करडा, उघडा दिसणारा माळ पाहून तिथे काहीच नाही असे वाटते, आणि सरकारी दप्तरातही अशी बरीच जमीन पडीक म्हणून नोंदलेली असते. प्रत्यक्षात चंडोल, तिरचिमण्या, धाविक, पखुर्डी, टिटवी यांची अंडी त्याच उघड्या जमिनीवर, गवताच्या ठोंबाशी किंवा नुसत्या खड्यांत असतात, आणि हिवाळ्यात परदेशातून येणारे भोवत्या ससाणे याच गवतावर खाली खाली घिरट्या घालून टोळ आणि उंदीर टिपतात. याच माळावर मेंढपाळांची मेंढरे चरतात. कर्नाटकाच्या महसूल नियमांत गावाच्या दर १०० जनावरांमागे ३० एकर गोमाळ, म्हणजे गावाचे गायरान, राखून ठेवण्याची तरतूद आहे. पण शासकीय इमारत असो, सौर प्रकल्प असो, वसतिगृह असो की खेळाचे मैदान, जागा शोधायची वेळ आली की नकाशावर गोमाळच पुढे येतो, कारण तिथे कोणा एका मालकाला पैसे द्यावे लागत नाहीत आणि कोर्टात जाणारा कोणी एक वादीही नसतो.

इथे मला पर्यावरणाची कळकळ असणाऱ्या मित्रांशीही मतभेद नोंदवावा लागतो. दर पावसाळ्यात उत्साहाने माळावर खड्डे पाडून झाडे लावली जातात. शाळेची मुले येतात, फोटो निघतात, हेतू शुद्ध असतो. पण मुळात गवताचा असलेला माळ झाडांनी झाकला की त्यावरचे पक्षी संपतात. चंडोलाला जंगलात जागा नसते आणि मेंढरांना नीलगिरीखाली चारा नसतो. नीलगिरी आणि अकेशियाच्या लागवडीने सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या किती तरी गवताळ जागा अशाच गेल्या. नीलगिरीच्या नव्या लागवडीवर कर्नाटकाने २०१७ मध्ये बंदी घातली, तोवर बराच उशीर झाला होता. झाडे लावायचीच असतील तर जिथली झाडे तोडली त्या रस्त्यांच्या कडेला वड, उंबर आणि पिंपळ लावावेत. हरियाल तिथे परत येण्याची आशा आहे. माळ मात्र माळच राहू द्यावा.

घटप्रभेच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून करकोचे येतात. त्यांच्यासाठी पर्यटक येतात, छायाचित्रे छापून येतात. ते ज्या पाण्यावर रात्र काढतात ते पाणी माणसाने शेतीसाठी अडवलेले आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसाने जमिनीला हात लावला की पाखरे जातातच असे नाही. कधी कधी त्यांना नवी जागाही मिळते. पण करकोचा पाण्यात नुसता विसावतो, चरायला त्याला उघडी शेते लागतात. कापणी झालेला भुईमूग, हरभऱ्याचे रान, ज्वारीचे धाट उभे राहिलेले शेत अशा ठिकाणी दूरवर पाहता येते, म्हणून तो तिथे उतरतो. पुरुषभर उंचीच्या उसात तो उतरू शकत नाही. म्हणजे अभयारण्याची हद्द कितीही काटेकोर राखली, तरी हद्दीबाहेरच्या पिकांनी करकोच्यांचे जगणे ठरवले आहे.

उसाविषयी बोलताना मात्र शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची सवय आपण सोडली पाहिजे. जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर आहे, ज्वारीला आणि मसुरीला बाजारात तशी खात्री मिळत नाही. बिल उशिरा येते, आंदोलने करावी लागतात, तरी शेवटी काही रक्कम हातात पडते. ज्याच्या मुलीचे शिक्षण त्या रकमेवर अवलंबून आहे त्याला पाखरांसाठी ज्वारी पेर असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण उसाने काय केले ते त्यालाच सर्वांत चांगले माहीत आहे. अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी या पट्ट्यात बेसुमार पाण्याने कित्येक मळे क्षारपड झाले, पांढरी फुटलेली जमीन आजोबांनी पाहिली नव्हती ती नातवाने पाहिली. बांध मोडले, बांधावरची बोर, बाभूळ आणि कडुनिंब गेले, तोडणीनंतर पाचट पेटवले की त्यात सापडलेली अंडी, सरडे आणि जमिनीतले किडे जळाले. गोफण हातात घेऊन ज्वारीची राखण करणाऱ्या बायका आता दिसत नाहीत, कारण राखण्याजोगे कणीसच उरले नाही. जमीन पुरती नापीक होईपर्यंत थांबण्यापेक्षा दर दहा एकरांमागे थोडी जागा बांधाला आणि झाडांना सोडणाऱ्या, पाचट न जाळता कुजवणाऱ्या शेतकऱ्याला कारखान्याने तोडणीत अग्रक्रम द्यावा. तोडणीची पाळी लवकर लागणे म्हणजे काय, हे ऊसकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि कारखान्याला त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

खानापूर तालुक्याकडे वळल्यावर या प्रश्नाचा न्यायाशी असलेला संबंध उघड होतो. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. विसाव्या शतकात बराच काळ जगाला या वटवाघळाचा हाच एक ठिकाणा माहीत होता. अशा दुर्मीळ जिवासाठी भीमगडाचे संरक्षण योग्यच आहे. त्या संरक्षणासाठी रानातल्या तळेवाडीसारख्या गावांतल्या कुटुंबांना बाहेर वसण्यासाठी सरकारने पैसे देऊ केले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते रान राखले त्यांना आपण रानाच्या भल्यासाठी घर सोडायला सांगतो, आणि शहराजवळ पूररेषेतले खाचर बुजवणाऱ्याला परवानगीचा कागद देतो. निसर्गासाठी करायचा त्याग रानातल्या गरीब मराठी शेतकऱ्याने आणि धनगर-गवळ्यांनीच का करायचा, याचे उत्तर मला मिळत नाही. दुसरीकडे याच तालुक्यात भाताच्या जमिनीची वरची कसदार माती वीटभट्ट्यांना विकली जाते आणि ती बनायला लागलेली शेकडो वर्षे एका हंगामात भट्टीत जातात. म्हादईचे पाणी वळवण्याबाबत २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. त्यावरच्या वादात टीएमसीचे आकडे सगळ्यांना पाठ झाले; त्या पाण्याला जन्म देणाऱ्या कणकुंबी-जांबोटीच्या रानाची अवस्था कशी आहे, हे कोणी विचारले नाही. मलप्रभाही तिथेच उगम पावते आणि पुढे सौंदत्तीच्या धरणातून हुबळी-धारवाडची तहान भागवते.

रान तुटते तेव्हा रोगही वाटा शोधतात. माकडताप १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर रानात प्रथम ओळखला गेला. गोचिडींमुळे पसरणारा हा ताप रानाच्या तुटक कडांवर, जिथे माणूस, गुरे आणि माकडे एकमेकांच्या अधिक जवळ येतात, तिथे जास्त डोके वर काढतो. २०१५-१६ नंतर गोव्यातला सत्तरी आणि सिंधुदुर्गातला दोडामार्ग या भागांत तो पोचला. त्या सुमाराला गोव्याच्या काजूबागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांना त्याची लागण झाल्याची नोंद आहे. या तापाची किंमत चुकवली ती पोटासाठी सीमा ओलांडून गेलेल्या मजुरांनी. त्या रानाच्या कडा कुठे आणि का तुटत गेल्या, याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पक्ष्यांचे आणि माणसाच्या आरोग्याचे नाते आता आकड्यांतही मोजले गेले आहे. गुरांना तेव्हा दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशातली गिधाडे जवळजवळ संपली. ती मेलेली जनावरे खाऊन टाकत होती तोवर कुत्री, उंदीर आणि रोगजंतू आटोक्यात होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने असा अंदाज मांडला की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. कारण जमिनीचा वापर नसून औषध होते, तरी एका पक्ष्याच्या जाण्याने माणसाच्या जगण्यावर काय परिणाम होतो, हे त्यातून स्पष्ट होते. युरोपातल्या २६ देशांतल्या २६ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०२१ च्या अभ्यासात, परिसरात पक्ष्यांच्या जाती जितक्या जास्त तितके लोक आयुष्यात अधिक समाधानी असे आढळले. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये १,२९२ लोकांच्या नोंदी तपासून सांगितले की पक्षी दिसल्याने किंवा त्यांचा आवाज ऐकल्याने मनाला येणारे बरे वाटणे काही तास टिकते, आणि नैराश्याने ग्रासलेल्यांनाही ते जाणवते. आपल्याकडे पोटाचे प्रश्न आधी येतात, हे मान्य करूनही मला वाटते की टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडे तोडू नयेत म्हणून जे नागरिक पुढे आले, त्यांना नेमके काय वाचवायचे होते हे या अभ्यासांनी सांगितले आहे. पहाटे त्या झाडांखाली फिरणाऱ्या निवृत्त माणसाला आणि परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलीला कोकिळेचा आणि दयाळाचा आवाज मिळतो. त्याला किंमत नाही म्हणून तो फुकट गमावण्याजोगा ठरत नाही.

सीमाभागात जमिनीचा विषय काढला की १९५६ पासूनचा अन्याय आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी इथल्या मराठी माणसाने सात दशके आपल्या भाषेसाठी झगडताना जे सोसले त्याला तोड नाही. पण जमीन कोणत्या राज्यात असावी यावर जितके बोललो, तितके त्या जमिनीवर काय चालले आहे यावर बोललो नाही, ही उणीव भरून काढण्याची वेळ आली आहे. आणि इथे भाषेचा हक्क आणि निसर्गाचा हक्क एकत्र येतात. पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्रांचे मसुदे २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघाले. हरकती घेण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. खानापूरच्या रानातल्या बाईला त्यातला इंग्रजी किंवा कन्नड मजकूर वाचता येत नाही; तिच्या गावाचे नाव त्या यादीत आहे की नाही आणि असल्यास नेमके काय बंद होणार, हे तिला ऐकीव बातम्यांवरून कळते. भीती पसरते आणि भीतीपोटी विरोध होतो. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतरित करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला होता. केंद्र सरकारने त्याला विरोध केला. मराठी माणसाने सीमाभागात आपल्या भाषेत कागद मागताना जमीन वापराचे, खाणींचे, रस्त्यांचे आणि अभयारण्यांचे कागदही त्या मागणीत घातले, तर ती मागणी अधिक वजनदार होईल.

कायद्याने एक साधन आपल्या हातात दिले आहे आणि ते जवळजवळ वापराविना पडून आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि तिने गावातल्या लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. हरित लवादाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि मुदत चुकल्यास राज्यांना दंड सांगितला, तेव्हा घाईत अनेक ठिकाणी या नोंदवह्या कागदापुरत्या भरल्या गेल्या. ती वही पुन्हा नीट भरण्याला कोणाची आडकाठी नाही. येळ्ळूरच्या वहीत भाताच्या जुन्या जाती, विहिरीवरची सुगरणीची वसाहत आणि बळ्ळारी नाल्याचे पाणी दर वर्षी कुठपर्यंत येते ते असावे. अथणीकडच्या गावाने आपल्या गोमाळावर कोणत्या महिन्यात कोणाची मेंढरे येतात आणि गवतात कोणते पक्षी अंडी घालतात ते लिहावे. ज्या शेतकऱ्याला आणि मेंढपाळाला हे माहीत आहे त्याने ते सांगावे आणि शाळेतल्या मुलांनी ते मराठीत लिहून घ्यावे. पंचायत विकास अधिकाऱ्यासाठी त्याचा कन्नड तर्जुमा जोडावा. शिवारातले एखादे खाचर बिगरशेती करण्याचा अर्ज आला किंवा गोमाळ एखाद्या प्रकल्पाला द्यायचा प्रस्ताव आला, की या वहीतला उतारा त्या अर्जाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असा ठराव ग्रामसभेत करता येतो. तो करायला राज्य कोणते, हा प्रश्न सुटेपर्यंत थांबावे लागत नाही.